मुका पडदा बोलू लागला

दिनांक १४ मार्च १९३१. मुंबईस गिरगावात मॅजेस्टिक नावाचे एक चित्रपटगृह होते. त्या दिवशी त्याच्या दाराशी माणसांची अशी झुंबड उडाली, की ती आवरण्यासाठी पोलिसांना पाचारण करावे लागले. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांस विकले गेले, असे त्या काळच्या आठवणींत नमूद आहे. लोक जमले होते ते एखाद्या नामांकित नटाला पाहावयास नव्हे. पडद्यावरील माणसे आता बोलतात आणि गातात, ही वार्ता शहरभर पसरली होती, आणि ती खरी की खोटी हे ज्याला त्याला आपल्या कानांनी पडताळून पाहावयाचे होते. चित्रपटाचे नाव होते 'आलम आरा'. अर्देशिर इराणी ह्यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीने तो निर्माण केला होता. भारतात तयार झालेला हा पहिला बोलपट होय.

त्या दिवसाचे महत्त्व ध्यानी यावयाचे, तर त्याच्या आधीची अठरा वर्षे कशी होती हे थोडे पाहिले पाहिजे. दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दाखविला गेला, तेव्हापासून आपल्याकडे शेकडो मूकपट निघाले. त्यांतील पात्रे हातवारे करीत, ओठ हालवीत. परंतु आवाज नाही. कथेचा धागा तुटू नये म्हणून मधूनमधून पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत. प्रेक्षकांपैकी पुष्कळांना वाचता येत नसे. त्यामुळे ज्याला वाचता येई तो त्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवी, आणि काही ठिकाणी तर ह्या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमलेला असे. पडद्याच्या पायथ्याशी पेटी व तबला घेऊन वादक बसत. पडद्यावर लढाई जुंपली की तबल्याची लय वाढे, विरहाचा प्रसंग आला की पेटी करुण सूर धरी. म्हणजे मूकपट हा शब्द तसा फसवा आहे. पडदा तेवढा मुका होता. थिएटर कधीच मुके नव्हते.

ह्या मुकेपणाचा एक मोठा लाभ होता, आणि तो गेल्यावरच त्याची किंमत कळली. कोल्हापुरात तयार झालेला मूकपट पाट्यांची भाषा बदलली की लाहोरास चाले, मद्रासेस चाले, कलकत्त्यासही चाले. नट कोणत्या गावचा, त्याचे उच्चार कसे, त्याला कोणती भाषा येते, हे कोणी विचारीत नसे. पिळदार शरीर, बोलका चेहरा आणि घोड्यावर बसण्याची हातोटी एवढ्या भांडवलावर माणूस साऱ्या देशाचा लाडका होऊ शकत असे.

चित्राला आवाजाची जोड देण्याचे प्रयत्न परदेशात फार पूर्वीपासून चालले होते. ऑक्टोबर १९२७ मध्ये अमेरिकेत 'द जाझ सिंगर' हा चित्रपट निघाला आणि तेथील मूकपटांचे दिवस भरले. ह्या चित्रपटातील आवाज ग्रामोफोनसारख्या मोठ्या तबकडीवर मुद्रित केलेला होता. एकीकडे चित्रांची फीत फिरावयाची आणि दुसरीकडे तबकडी. दोहोंचा मेळ राहिला तोवर ठीक; पण सुई जराशी सरकली, किंवा तुटलेली फीत जोडताना चार चित्रे कमी झाली, की राजाचे ओठ हालत असताना राणीचा आवाज ऐकू येई! हा घोटाळा टाळावयाचा तर आवाज आणि चित्र एकाच फितीवर असावयास हवे होते. ते कसे साधले, ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

मनुष्य बोलतो तेव्हा हवेत कंप उत्पन्न होतात. ध्वनिग्राहक यंत्र, म्हणजे ज्याला आपण मायक्रोफोन म्हणतो ते, ह्या कंपांचे रूपांतर विजेच्या प्रवाहात करते. आवाज चढला की प्रवाह बळावतो, उतरला की क्षीण होतो. ह्या कमीअधिक होणाऱ्या प्रवाहाने प्रकाशाची एक बारीक तिरीप कमीअधिक करावयाची आणि ती सरकत्या फितीच्या कडेवर पाडावयाची. फीत धुऊन काढली म्हणजे चित्रांच्या शेजारी जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदीची एक पट्टी उमटलेली दिसते. तिच्यावर कोठे गडद, कोठे फिक्या अशा रेघा असतात, किंवा करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते. हीच त्या माणसाची वाणी! आता चित्रपटगृहात हीच क्रिया उलट्या क्रमाने घडते. यंत्रातील एक लहानसा दिवा ह्या पट्टीतून प्रकाश टाकतो. पलीकडे असलेली प्रकाशविद्युत् घटमाला त्या प्रकाशाच्या चढउताराप्रमाणे विजेचा प्रवाह निर्माण करते, आणि तो वाढवून ध्वनिक्षेपकाकडे पाठविला की पडद्यामागून आवाज येऊ लागतो. हवेचे कंप, वीज, प्रकाश, फीत. पुन्हा प्रकाश, वीज आणि हवेचे कंप, असा हा प्रवास आहे.

ह्यात आणखी एक गंमत आहे. फितीवर ज्या चित्रात नट 'बाळ' असे म्हणताना दिसतो, त्या चित्राच्या अगदी शेजारी 'बाळ' हा शब्द नसतो. तो सुमारे वीस चित्रे पुढे असतो. ह्याचे कारण असे, की भिंगासमोरून जाताना फीत झटक्याझटक्याने सरकते. प्रत्येक चित्र क्षणभर थांबते, तेव्हाच ते डोळ्यांना स्थिर दिसते. आवाजाला मात्र असे थांबून चालत नाही. अडखळत सरकणाऱ्या फितीतून अडखळताच आवाज निघेल. म्हणून आवाज वाचणारे यंत्र भिंगाच्या खाली काही अंतरावर बसवितात, आणि तेथवर पोहोचेतो फितीची चाल एकसारखी केलेली असते. वेगही ठरलेला लागतो. मूकपटांच्या काळी छायाचित्रकार हाताने दांडा फिरवून सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेत असे, आणि एखाददुसरे कमीअधिक झाले तरी बिघडत नसे. बोलपटांत मात्र सेकंदाला बरोबर चोवीस चित्रे घ्यावी लागतात. वेग चुकला तर भारदस्त आवाजाचा राजा चिमणीसारखा चिवचिवू लागावयाचा. हाताच्या दांड्याची जागा विजेच्या मोटारीने घेतली ती येथे.

'शो बोट' हा थोडाफार बोलणारा अमेरिकन चित्रपट मुंबईत पाहून अर्देशिर इराणी ह्यांच्या मनाने घेतले, की असे काही आपणही करावे. त्यांनी परदेशाहून 'टॅनर' जातीचे ध्वनिमुद्रण यंत्र मागविले. ते जुळवून देण्यासाठी विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ आला. त्याचा रोजचा मेहनताना शंभर रुपये! त्या काळी एवढ्या रकमेत एखाद्या कुटुंबाचा महिन्याहून अधिक काळ सुखाने निभाव लागत असे. इराणींना हा खर्च परवडेना. त्यांनी त्याच्याकडून यंत्र चालविण्याची विद्या झटपट शिकून घेतली आणि पुढील ध्वनिमुद्रण स्वतः केले. निर्माता, दिग्दर्शक आणि ध्वनिमुद्रक अशी तिन्ही कामे एकाच माणसाने केली, ती हौसेखातर नव्हे, तर गरजेपोटी.

ह्या यंत्रात चित्र आणि ध्वनी एकाच वेळी, एकाच फितीवर उमटत. आज ध्वनिमुद्रण चुकले तर तेवढाच भाग पुन्हा मुद्रित करता येतो. तेव्हा ती सोय नव्हती. कोणी खोकला तर खोकला, कावळा ओरडला तर कावळा, सारे फितीवर जाऊन बसे. आणि इंपीरियलची चित्रशाळा तर रेल्वेच्या रुळांजवळ! दिवसभर गाड्यांची ये-जा चाले. तेव्हा शेवटच्या गाड्या निघून गेल्यावर, रात्री एकपासून पहाटे चारच्या सुमारापर्यंत, जी काही शांतता मिळे तेवढ्यात चित्रण उरकावे लागे. ध्वनिग्राहक यंत्रे छायाचित्रकाला दिसणार नाहीत अशी कोठे पडद्याआड, कोठे सामानाआड लपवावी लागत. वादकही असेच लपून बसत. चित्रपटात सात गाणी होती. फकिराच्या भूमिकेत वझीर महंमद खान ह्यांनी म्हटलेले गाणे हे भारतीय बोलपटांतील पहिले गाणे मानले जाते. त्याला साथ होती ती पेटी आणि तबल्यासारख्या मोजक्या वाद्यांची. पुढील काळात एका गाण्यासाठी शंभर-शंभर वादक एकत्र आणण्याची प्रथा पडली होती; तिचा उगम अशा अंधाऱ्या कोपऱ्यात आहे.

'आलम आरा'चे नायक होते मास्टर विठ्ठल. मूकपटांतील त्यांच्या साहसी भूमिकांवर प्रेक्षक लुब्ध होते. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला हा मराठी नट. शारदा कंपनीशी असलेला करार मोडून ते इंपीरियलकडे आले म्हणून त्यांच्यावर खटला झाला, आणि त्यांची बाजू बॅरिस्टर महंमदअली जिनांनी मांडली. खटला जिंकला, पण खरी अडचण पुढेच होती. विठ्ठलांना हिंदुस्थानी भाषा सफाईने बोलता येईना. तेव्हा कथेतील त्यांचे पात्र बराच वेळ धुंदीत किंवा अर्धवट शुद्धीत दाखवून वेळ निभावून नेली गेली. भारताच्या पहिल्या बोलपटाच्या नायकाला शक्य तितके कमी बोलावयास लावावे लागले, हा योगायोग मोठा विलक्षण खरा! विठ्ठल पुढेही अनेक वर्षे चित्रपटांत दिसत राहिले, पण लहानलहान भूमिकांत. मूकपटातील ते तेज पुन्हा परतले नाही.

इंपीरियलची सर्वांत लोकप्रिय तारका होती सुलोचना. मूळ नाव रूबी मायर्स. पहिल्या बोलपटाची नायिका तीच होणार असे कोणालाही वाटले असते. परंतु तिलाही हिंदुस्थानी येत नव्हती, आणि भूमिका झुबेदाकडे गेली. सुलोचनेने येथे जे केले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. तिने रागावून किंवा खचून काम सोडले नाही. तिने वर्षभर त्या भाषेचा अभ्यास केला, आणि मग आपलेच गाजलेले मूकपट बोलपटांच्या रूपाने पुन्हा केले. 'माधुरी' १९३२ साली आणि 'अनारकली' १९३५ साली आला. सर्वांनाच हे साधले नाही. ज्यांची नावेही आज कोणाला सांगता येणार नाहीत असे कितीतरी नट ह्या दोन-तीन वर्षांत मागे पडले. आणि पडद्याच्या पायथ्याशी बसणारे ते पेटीवाले आणि तबलजी? बोलपट गावोगाव पोहोचले तसतशी त्यांची जागाच नाहीशी झाली. त्यांच्याविषयी कोणी फारसे लिहून ठेवलेले नाही.

खुद्द दादासाहेब फाळक्यांनाही हा बदल मानवला नाही. त्यांचा 'सेतुबंधन' हा मूकपट १९३२ साली पुरा झाला, तेव्हा काळ पालटलेला होता. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. पुढे कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट केला, तो १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. दादासाहेबांचा तोच एकमेव बोलपट आणि तोच शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

कोल्हापुरात मात्र एक मंडळी ह्या नव्या साधनाकडे उमेदीने पाहत होती. महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर ह्यांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम वणकुद्रे आणि केशवराव धायबर ह्यांनी सराफीचा व्यवसाय करणाऱ्या सीतारामपंत कुलकर्णी ह्यांच्या साहाय्याने १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. दोन-अडीच वर्षे मूकपट काढल्यावर तिने बोलपटास हात घातला, आणि ६ फेब्रुवारी १९३२ रोजी 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट मुंबईस झळकला. ठिकाण तेच, मॅजेस्टिक. कथाही फाळक्यांनी पहिल्या मूकपटासाठी निवडलेली तीच, हरिश्चंद्राची. परंतु १९१३ साली तारामतीची भूमिका करावयास एकही स्त्री तयार झाली नव्हती. ती अण्णा साळुंके ह्या पुरुषाने केली होती. एकोणीस वर्षांनी तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे, मुंबईच्या एका प्रतिष्ठित, सुशिक्षित घराण्यातील स्नुषा. त्यांच्या ह्या पावलावर टीका झालीच. परंतु त्या मागे वळल्या नाहीत, आणि घरंदाज स्त्रियांना ही वाट खुली झाली. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचेच होते.

'अयोध्येचा राजा' मराठीत निघाला तसा हिंदीतही निघाला. पण आज करतात तसे मराठी चित्राला हिंदी आवाज चिकटविणे तेव्हा शक्य नव्हते. प्रत्येक प्रसंग एकदा मराठीत आणि लगेच त्याच देखाव्यात दुसऱ्यांदा हिंदीत चित्रित करावा लागे. नटाने एकदा मराठीत रडावयाचे, डोळे पुसावयाचे आणि पुन्हा हिंदीत रडावयाचे! हा उपद्व्याप कशासाठी, असा प्रश्न पडेल. पडदा बोलू लागताच त्याची बाजारपेठ भाषाभाषांत वाटली गेली. १९३१ सालीच बंगाली, तमिळ आणि तेलुगू शब्द पडद्यावरून ऐकू आले होते. मराठी बोलपट मराठी मुलखाबाहेर कोण पाहणार? आणि एवढ्याच उत्पन्नावर मोठा खर्च कसा निभावणार? ह्या विवंचनेतून प्रभातने दोन भाषांचा मार्ग काढला आणि पुढे कित्येक वर्षे तो चालविला. ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू अशी, की मुंबई ही मराठी मुलखाची राजधानी असूनही तेथील चित्रव्यवसाय मुख्यत्वे हिंदी झाला. मराठी चित्रपटाला आपल्याच शहरात जागा मिळविण्यासाठी झगडावे लागते, ह्या तक्रारीचे मूळ १९३१ सालापर्यंत मागे जाते.

आपल्या चित्रपटांत एवढी गाणी का, असे परदेशी माणूस नेहमी विचारतो. त्याचे उत्तर नाटकांत आहे. त्या काळच्या मराठी किंवा पारशी रंगभूमीवर संगीतावाचून नाटक ही कल्पनाच प्रेक्षकांना रुचत नसे. बोलपटाला वाचा फुटली ती ह्या रंगभूमीच्या शेजारी, आणि त्याने तिची कथानके, तिचे नट, तिचे गवई असे सारेच उचलले. पहिल्या उत्साहात प्रमाणाचे भान राहिले नाही. १९३२ साली कलकत्त्याच्या मदन कंपनीने काढलेल्या 'इंद्रसभे'त सत्तरच्या आसपास गाणी होती! सुदैवाने ही साथ फार काळ टिकली नाही.

गाणे चित्रित करावयाचे म्हणजे त्या वेळी मोठेच संकट असे. नटाने अभिनय करता करता खरोखरच गावयाचे. त्याचा आवाज ध्वनिग्राहकापासून दूर जाता कामा नये, म्हणून त्याने फार हिंडावयाचे नाही. वादकांनी झाडामागे, पायऱ्यांखाली, मिळेल त्या आडोशाला बसून साथ द्यावयाची. कडव्याच्या शेवटी कोणाची तार तुटली की सारे पहिल्यापासून. ह्या गैरसोयीतून १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्स कंपनीने एक तोड काढली. नितीन बोस ह्यांच्या 'भाग्यचक्र' ह्या बंगाली व 'धूप छाँव' ह्या हिंदी चित्रपटांत पार्श्वगायनाचा अवलंब झाला. रायचंद बोराल ह्यांचे संगीत होते. गाणे आधी शांतपणे मुद्रित करावयाचे. चित्रण करताना ते ध्वनिक्षेपकावर लावावयाचे आणि नटाने त्याबरहुकूम ओठ हालवावयाचे. युक्ती साधी, परंतु परिणाम दूरगामी झाला. नट बागेत धावू लागला, घोड्यावर बसून गाऊ लागला. आणि आणखी काही वर्षांनी लोकांच्या ध्यानी आले, की जर गाणे आधीच मुद्रित करावयाचे आहे, तर ते त्याच नटाने म्हटले पाहिजे असे कोठे आहे? गाता गळा आणि देखणा चेहरा एकाच देहात शोधण्याची गरज उरली नाही. कुंदनलाल सैगल किंवा शांता आपटे ह्यांच्यासारखे गायक-नट हळूहळू दुर्मिळ होत गेले, आणि पडद्यावर कधीही न दिसणारे गायक घरोघर परिचित झाले.

ह्या गाण्यांचा आकारही यंत्राने ठरविला. ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. चित्रपटातील गाणे तबकडीवर विकावयाचे, तर ते तेवढ्यात बसले पाहिजे. मैफलीत एखादे पद अर्धा तास रंगविणाऱ्या गायकाला ही मर्यादा जाचक वाटली तर नवल नाही. बालगंधर्वांसारख्या थोर कलावंताचे उदाहरण बोलके आहे. बोलपटांमुळे नाटकांचे उत्पन्न ओसरू लागले होते. नाटक मंडळ्या कर्जात बुडाल्या होत्या. जेथे नाटके होत ती थिएटरे एकामागून एक चित्रपटांकडे जात होती. १९३५ साली बालगंधर्व प्रभातकडे आले आणि 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. जन्मभर स्त्रीभूमिकांत रसिकांनी डोक्यावर घेतलेला हा नट येथे पुरुषवेषात उभा होता. समोर प्रेक्षक नाहीत, 'वन्स मोअर' नाही, पद खुलविण्यास सवड नाही. चित्रपट चांगला होता. पण बालगंधर्व त्यात रमले नाहीत आणि रंगभूमीकडे परतले. यंत्रापुढे त्यांची कला उणी ठरली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती कला समोर बसलेल्या माणसांसाठी होती.

याउलट विष्णुपंत पागनीस. तेही नाटकांत स्त्रीभूमिका करीत आलेले. दामले व फत्तेलाल ह्यांनी १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, तेव्हा तुकोबांच्या भूमिकेसाठी त्यांची निवड झाली. पागनीस पडद्यावर अभिनय करताना दिसतच नाहीत. ते अभंग म्हणतात आणि प्रेक्षक त्यांना तुकाराम मानून मोकळा होतो. आवलीचे काम गौरी ह्या अभिनेत्रीने केले आहे. नवऱ्यावर आणि त्याच्या विठोबावर तोंडाचा पट्टा सोडणारी, पण त्याच हातांनी त्याला जेवू घालणारी ही आवली इतकी खरी आहे, की पुष्कळांच्या मते चित्रपटाचा खरा आधार तीच होय. तिची भाषा पाहावी. ती नाटकी नाही, पुस्तकी नाही. देहूच्या विहिरीवर पाणी भरताना कानी पडावी तशी आहे. पाच वर्षांपूर्वी पडदा बोलू लागला तेव्हा तो रंगमंचावरची भाषणे म्हणून दाखवीत होता. येथे तो खऱ्या अर्थाने बोलावयास शिकला.

ह्या चित्रपटासाठी शांताराम आठवले ह्यांनी एक अभंग रचला. तो तुकोबांच्या वाणीशी इतका एकरूप झाला, की तो खुद्द तुकोबांचाच समजून लोक गाथेत शोधू लागले! 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. ज्यांना मराठीचा एक शब्दही कळत नव्हता, त्यांनी हा गौरव केला होता.

१९३७ सालच्या 'कुंकू' ह्या प्रभातच्या बोलपटाने तर उलटच धडा घातला. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी तो काढला. वृद्ध विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा म्हणून मानण्यास नकार देते, हा त्याचा विषय. ह्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. त्याऐवजी घड्याळाचे ठोके आहेत, रस्त्यावरचे आवाज आहेत, घरातली शांतता आहे. भिंतीवरचे जुने घड्याळ टिकटिक करते आणि काकासाहेबांचे वय प्रेक्षकाला ऐकू येते. सत्तर गाण्यांची 'इंद्रसभा' ते हा 'कुंकू', हे अंतर अवघ्या पाच वर्षांत कापले गेले.

ह्या साऱ्या चित्रपटांपैकी आज काय शिल्लक आहे? त्या काळच्या फिती नायट्रेट नावाच्या द्रव्याच्या असत. हे द्रव्य अत्यंत ज्वालाग्राही असते. एकदा पेटले की पाण्यातही विझत नाही, कारण ज्वलनाला लागणारा प्राणवायू त्याच्या ठायीच असतो. आग लागली नाही तरी कालांतराने ते चिकट होते आणि शेवटी त्याची भुकटी होते. शिवाय फितीच्या लेपात चांदी असते. चित्रपट जुना झाला, कोणी पाहीनासे झाले, की ती चांदी काढून घेण्यासाठी पुष्कळ रिळे भंगारात गेली. आपल्याकडील तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी फारच थोडे आज पाहावयास मिळतात, आणि तेही बहुधा तुकड्यांच्या रूपाने. बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'ची १९२५ सालची मूक आवृत्ती, जीत तरुण शांतारामांनी शेतकऱ्याची भूमिका केली होती, ती नष्ट झाली आहे. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली; तेथील पहिले संग्राहक पी. के. नायर ह्यांनी गावोगाव हिंडून मिळतील ती रिळे गोळा केली. २००३ साली पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. प्रभातचे 'अयोध्येचा राजा', 'संत तुकाराम', 'कुंकू' हे मात्र आजही पाहता येतात.

'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही. त्यातील गाण्यांच्या तबकड्याही त्या वेळी निघाल्या नव्हत्या. रुळांजवळच्या त्या चित्रशाळेत, गाड्या थांबल्यावर रात्री मुद्रित केलेला आवाज आज कोठेही ऐकावयास मिळत नाही. उरली आहेत ती काही जाहिरातपत्रे आणि छायाचित्रे. त्यांतील एकात झुबेदा आणि मास्टर विठ्ठल एकमेकांजवळ दिसतात.